क्लोद लोरँच्या निसर्गचित्रांतला सूर्य इतका खरा कसा वाटतो? तसा उजेड आणायला कोणता पिवळा घ्यावा?

पिवळ्याचं आधी सांगून टाकते. जो हाताशी असेल तो घ्या. क्लोद हा सतराव्या शतकात रोममध्ये राहिलेला फ्रेंच निसर्गचित्रकार, आणि त्याच्या सूर्याभोवती बहुतेक सगळा पांढराच आहे, त्याला पिवळ्याची जेमतेम झाक. महागडी ट्यूब आणून तुमचा सूर्य उजळणार नाही.

हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही, कारण याच पिवळ्यावरून कॉलेजात माझं आणि आमच्या एका सरांचं वाजलं होतं. पेंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला एका जुन्या मास्टरची कॉपी करायची होती. मी क्लोदचं १६४८ सालचं शेबाची राणी जहाजावर चढायला निघते ते बंदराचं चित्र घेतलं. लायब्ररीतल्या पुस्तकातली छपाई मळकट होती, तरी त्यातही आकाश पेटलेलं दिसत होतं. मी डावीकडचे खांब आणि पुढचा धक्का चांगला गडद केला, आकाश हळूहळू चढवत आणलं आणि क्षितिजाजवळ फिका, जवळजवळ पांढरा सूर्य ठेवला. सर आले, म्हणाले, “सूर्य कुठाय?” माझाच ब्रश उचलला, कॅडमियम यलो हा भडक पिवळा ट्यूबमधून थेट घेतला आणि सूर्यावर थापला. वर सगळ्या वर्गाला ऐकवलं, की ही इम्प्रेशनिस्टांच्या (बदलता उजेड रंगवणारे एकोणिसाव्या शतकातले मोनेसारखे फ्रेंच चित्रकार) आधीची मंडळी स्टुडिओत बसून तपकिरी रंगवायची, उजेड सापडला तो मोनेला.

तो थर मी चिंधीने पुसून काढला. सूर्याच्या जागी तोवर एक पिवळी टिकली झाली होती, चकचकीत आणि उजेड न देणारी. कारण साधं आहे. शुद्ध कॅडमियम कितीही झगझगीत दिसला तरी टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणात, पांढऱ्याच्या खाली असतो. भोवतालच्या आकाशापेक्षा सूर्यच गडद झाला, मग तो प्रकाशणार कसा? हे मी तेव्हाही म्हणाले. उत्तर मिळालं, “ओरिजिनल बघितलंयस का?”

पुढे बघितलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत. मूळ चित्र जवळजवळ दीड मीटर उंच आणि दोन मीटर रुंद आहे, आणि त्यापुढे उभं राहिल्यावर माझं म्हणणं बरोबर होतं याची खात्री पटली. सूर्य छोटासा, फिका. लाटा बघा. सबंध लाट कुठेच उजळलेली नाही, फक्त वरच्या कडेला बारीकशी उजेडाची रेघ आहे आणि अशा रेघांचा एक पट्टा थेट आपल्याकडे येतो. डावीकडचा खांब प्रकाशाच्या विरुद्ध उभा, म्हणून काळपट. लांबची जहाजं आणि इमारती मात्र फिकट होत गेल्या आहेत, त्यांच्यात ना खरा काळोख उरलाय ना खरा रंग. डावीकडच्या एका पोराने तर डोळ्यांवर हात धरलाय. आकाश क्षितिजापाशी उबदार आणि वर निळं. पिवळ्यातून निळ्यात जाताना मध्ये हिरवट घाण होते हे लँडस्केप करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. इथे ती नाही, आणि सांधाही सापडत नाही.

रंगाच्या डबीत लेड व्हाइटपेक्षा, म्हणजे शिशाच्या पांढऱ्यापेक्षा, उजळ त्याच्याकडे काहीच नव्हतं. सूर्याइतकं तेज कॅनव्हासवर येणं अशक्य, म्हणून त्याने बाकी सगळं टोनमध्ये खाली उतरवलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी एवढंच आहे.

मोबाइलवर एक करून बघा. हे चित्र ब्लॅक अँड व्हाइट करा, सूर्य जागेवर राहतो. मग मोनेचं १८७२चं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ तसंच करा, नारिंगी सूर्य भोवतीच्या करड्यात जवळपास विरघळून जातो. मोनेने तो रंगछटेवर उभा केलाय, क्लोदने टोनवर. दोन्ही अस्सल. पण म्हणून पहिल्याला ‘तपकिरी’ म्हणायचं?

आणि स्टुडिओत बसून वगैरे अजिबात नाही. रोममधला त्याचा चित्रकार मित्र सांद्रार्ट लिहून गेलाय की क्लोद पहाट व्हायच्या आधी माळावर जायचा, समोरच्या उजेडाबरहुकूम रंग तिथेच जुळवायचा आणि घरी येऊन ते चित्रात लावायचा. व्हालाँसिएन या फ्रेंच निसर्गचित्रकारानेही १८००च्या सुमाराच्या आपल्या ग्रंथात विद्यार्थ्यांना बजावलं होतं की बाहेरचा अभ्यास जास्तीत जास्त दोन तासांत संपवा, उगवता-मावळता सूर्य असेल तर अर्ध्या तासात. मोनेचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. टर्नर या इंग्रज निसर्गचित्रकाराने मृत्युपत्रात अट घातली की आपली दोन चित्रं क्लोदच्या दोन चित्रांशेजारीच लावा, त्यातलं एक हेच बंदर. आणि १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लंडनला गेलेल्या मोने आणि पिसारो या इम्प्रेशनिस्टांनी टर्नरची चित्रं बघितली. तुमच्याही क्लासात कुणी ‘उजेड मोनेपासून’ म्हणालं तर ही साखळी सरळ पुढे ठेवा.

थोडं सांभाळूनही घ्या. क्लोदची झाडं आज दिसतात तितकी काळपट मुळात नसावीत, हिरवे रंग आणि व्हार्निश काळाबरोबर बदलतात. तेव्हा झाडांचा रंग त्याच्यावरून उचलू नका. आणि हे सगळं क्लोदपुरतं. त्याच काळात रोममध्येच राहणाऱ्या पूसँ या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराला ही मोजपट्टी लावू नका. त्याला सूर्य चित्रात आणायची फारशी गरज वाटत नाही, त्याचा उजेड बाहेरून, बाजूने येतो आणि डोंगर-इमारतींचे आकार घडवतो. त्याच्यासाठी वेगळा प्रश्न विचारा.