नाचात नाव दिलं, कपड्यांवर अडलं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या आवाजांत ऐकू यायला लागते. ‘मॅडम, गॅदरिंगच्या कपड्यांवरून घरात रोज रडारड चाललीय.’ कधी मुलीला बिनबाह्यांचं हवं असतं आणि वडिलांना ते चालत नाही. कधी बाईंनी लाल सांगितलेलं असतं आणि दुकानात फक्त राणी उरलेला असतो. कधी पाच वर्षांची पोर जिजाऊंच्या वेशात स्टेजवर जाते आणि एकही वाक्य न बोलता नुसती मान खाजवत उभी राहते. पण हल्ली सगळ्यात जास्त येते ती सातवी-आठवीतली मुलगी. हौसेने नाव देते, तालमीत मन लावून नाचते आणि कपडे आले की ‘मी नाही करणार’ म्हणून हटून बसते. आईवडील निदान सोबत घेऊनच येतात: हिचा कॉन्फिडन्स गेलाय, तेवढा परत आणून द्या.

तालमीत चाळीस जणींसमोर नाचणाऱ्या मुलीचा आत्मविश्वास कपड्यांचा गठ्ठा बघून पळून जातो, हे मला कधी पटलेलं नाही. त्याचीच ही गोष्ट. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मुक्ता सातवीत. घर लालबागला. आई बँकेत. पहिल्या भेटीला आई आणि आजी दोघी तिला घेऊन आल्या. आई खुर्चीत टेकायच्या आतच बोलायला लागली.

‘कोळीनृत्य आहे. बाईंनी पहिल्या रांगेत उभं केलंय. भाड्याचे पैसे भरून झाले, डिपॉझिटही दिलं. परवा शाळेत ट्रायल होती. हिने ब्लाऊज हातात घेतलं, परत गठ्ठ्यात ठेवलं आणि बाईंना म्हणाली, माझं नाव कापा. आता बोला!’

‘मुक्ता, काय आवडलं नाही त्यातलं?’

‘सगळंच.’

‘बघा. गेल्या वर्षी अगदी अस्संच ब्लाऊज घालून नाचलीय. व्हिडिओ आहे माझ्याकडे.’

भाड्याचे नाचाचे कपडे ज्यांनी हाताळलेत त्यांना माहीत असेल. ब्लाऊज कुठल्याही अंगाला बसावं म्हणून पाठीला नुसत्या नाड्या असतात. आधीच्या कार्यक्रमाचा घाम आणि पावडर यांचा मिळून एक वास असतो आणि काखेत जर टोचते. एवढ्यावरून एखादी मुलगी नको म्हणाली तर मी तिला शहाणीच म्हणेन. आईनेही तो विचार केला होता. तिने हिंदमाताला जाऊन कापड आणायची, तसंच ब्लाऊज बंद पाठीचं शिवून घ्यायची तयारी दाखवली होती. बाईंची हरकत नव्हती. तरी मुक्ताचं ‘नाही’ ते ‘नाही’च. म्हणजे अडचण ब्लाऊजमध्ये नव्हती, आणि हे ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

पुढच्या काही भेटी मुक्ता आणि मी दोघीच बसलो. शाळा, मैत्रिणी, गणपतीतली लालबागची गर्दी, सगळ्यावर ती भरभरून बोलायची. गॅदरिंगचा विषय निघाला की हाताच्या बाह्या ओढून बोटं झाकून घ्यायची.

मी ॲडलरच्या वळणाची आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना एव्हाना कळलेलं असतं. आल्फ्रेड ॲडलर (1870–1937) हे व्हिएन्नाचे डॉक्टर. माणूस जे वागतो त्यातून त्याला काहीतरी साधायचं असतं किंवा कशापासून तरी वाचायचं असतं, असं ते मानत. त्यांचा एक साधा प्रश्न प्रसिद्ध आहे: ही अडचण उद्या नाहीशी झाली तर तू काय करशील? उत्तरात बहुतेक वेळा तीच गोष्ट येते जिच्यापासून माणूस पळत असतो. मी हा प्रश्न घाईने विचारत नाही. जमीन तयार झाली नसेल तर ‘मज्जा करीन’ असं उत्तर मिळतं आणि प्रश्न वाया जातो.

त्या दिवशी विचारला. ‘समज, उद्या उठलीस आणि हे कपड्यांचं टेन्शन गेलेलंच आहे. गॅदरिंगच्या दिवशी काय वेगळं करशील?’

तिने फार विचार केला नाही. ‘घरूनच घालून जाईन.’

मी गप्प राहिले. कोणते कपडे, कोणता रंग, पाठ उघडी की बंद, यातलं काही तिच्या उत्तरात नव्हतं.

‘घरून घालून गेलं तर चालत नाही का?’

‘आमचे दोन आयटम असतात ना. आधी ईशस्तवन, त्याला पांढरा ड्रेस. मग मधे एकच नाटुकलं आणि लगेच आम्ही. आतच बदलावं लागतं.’

‘आत म्हणजे?’

‘ग्रीनरूममध्ये. सगळ्या असतात. आमच्या आया पण असतात मदतीला. गेल्या वर्षी दोघींनी साडी धरली होती आडोशाला.’ ती थांबली. ‘एक काकू बोलल्या.’

‘काय म्हणाल्या?’

बाह्या पुन्हा बोटांवर आल्या. ‘म्हणाल्या, अगंबाई, हिला आता आतून काहीतरी घालायला पाहिजे की! मोठ्याने. सगळ्या हसल्या.’

‘आणि आई कुठे होती?’

‘आईनेच तर साडी धरली होती. ती पण हसली.’

घरातले तीन जाणते लोक महिनाभर ब्लाऊजच्या पाठीवर चर्चा करत होते आणि मुलीचं दुखणं आडोशाला धरलेल्या साडीच्या अलीकडे होतं. आईला सांगायची सोय नव्हती, कारण हसणाऱ्यांत आई होती. त्यामुळे तिने तिच्या हातात होती तेवढी एकच वाट धरली: नाच नको, म्हणजे कपडे बदलणं नको. ज्याला सगळे ‘गेलेला कॉन्फिडन्स’ म्हणत होते ते खरं तर एका बारा वर्षांच्या मुलीने स्वतःचं रक्षण करण्यासाठी घेतलेला, पूर्ण हिशेबी निर्णय होता. असं काही उलगडतं तेव्हा मला या कामाचा अभिमान वाटतो, तो लपवण्यात अर्थ नाही.

मुक्ताच्या परवानगीने आईला आत बोलावलं. मुक्तानेच सांगितलं, माझ्याकडे बघत. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला आठवतसुद्धा नाही गं.’ त्यात खोटं काही नव्हतं. त्या पंधरा सेकंदांत तिच्या तोंडात पिना होत्या, हातात साडी होती आणि बाहेर घोषणा चालली होती. बरोबरची बाई हसली म्हणून तीही हसली असणार. आईची अपुरी राहिलेली हौस, मुलीवर लादलेली स्वप्नं वगैरे निष्कर्ष लेखात शोभून दिसतात. इथे तसलं काही सापडलं नाही. एका कामसू बाईचं एक बेसावध हसू, बस्स.

तोडगा माझ्या डोक्यातून आला नाही. तो आजीचा. आजी बाहेर बाकावर बसली होती. तिला आत घेतलं, तर तिने सगळं ऐकून सुनेकडे बघून कपाळावर हात मारला.

‘अगं, आमचा जन्म गेला चाळीत. दहा बाय बाराची खोली, त्यात नऊ माणसं. आम्ही काय कपडे बदललेच नाहीत? सैलसर परकर घ्यायचा, त्याला इलॅस्टिक घालायचं आणि गळ्यात अडकवायचा. आतल्या आत सगळं होतं. ये इकडे, दाखवते.’

आणि पर्समधल्या शालीचाच परकर समजून तिने माझ्या केबिनमध्ये नातीला प्रात्यक्षिक दिलं. उजवा हात आतून काढ, आता वरचं खाली सोड, आता ब्लाऊज चढव, बाहेरून काही दिसलं? मुक्ता त्या महिन्यात माझ्यासमोर पहिल्यांदा खळखळून हसली.

घरी आजीने जुन्या सुती परकराला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घातलं. पांढऱ्या ड्रेसच्या आत त्वचेच्या रंगाची पूर्ण पाठीची स्लिप आणि गुडघ्यापर्यंतची टाइट्स घरूनच घालून जायची, म्हणजे बदलायला उरतं फक्त वरचं, असंही ठरलं. आई वर्गशिक्षिकेला पालकांच्या ग्रुपवर न लिहिता प्रत्यक्ष जाऊन भेटली. ग्रीनरूममध्ये मदतीला दोनच आया, मोबाइल बाहेर आणि मुलींच्या अंगावर टीकाटिप्पणी नाही, एवढं मागितलं. बाई लगेच हो म्हणाल्या. मुक्ता नाचली, पहिल्या रांगेत. परकर त्या दिवशी आणखी चार जणींनी वापरला.

ही गोष्ट मी बऱ्याच पालकांना सांगते, कारण मुलींच्या कार्यक्रमाचे कपडे निवडताना आपण सगळे एकाच प्रश्नात अडकतो: कसं दिसेल? माझा आग्रह असतो की आधी विचारा, या कपड्यात तिला काय काय करायचं आहे. मांडी घालून दोन तास बसायचंय, हात वर करायचेत, बाथरूमला जायचंय, लोकलने किंवा बसने घरी यायचंय आणि हो, ते कुठेतरी घालायचे-काढायचेत. ट्रायल आरशासमोर उभं राहून घेऊ नका. घरात गाणं लावा, पूर्ण नाच करू द्या, जमिनीवर बसू द्या, कपडे न बिघडवता बाथरूमला जाऊन येऊ द्या. निम्मे कपडे या परीक्षेत नापास होतात आणि ते स्टेजवर कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.

लहान मुलींच्या बाबतीत तर सगळं दुखणं अंगाला लागणाऱ्या गोष्टींचंच असतं. आषाढी एकादशीच्या दिंडीत डोक्यावर तुळस आणि अंगावर नऊवारी घेऊन भर पावसात चिमुरड्या निघतात. काठ भिजून जड झाला की त्या रडतात आणि आपण म्हणतो, हिला स्टेजची भीती आहे. शिवलेली नऊवारी घ्या, घोट्याच्या वर ठेवा, आतून जुना मऊ सुती कुर्ता घाला म्हणजे जर टोचत नाही. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला वेश करायचा तर आजीच्या कपाटातली मऊ सुती साडी कापडबाजारातल्या कुठल्याही चकचकीत सेटपेक्षा अंगाला आणि त्या व्यक्तिरेखेला, दोन्हींना शोभते. त्या वयात मुलीला ‘तुला काय हवं?’ असं मोकळं विचारू नका. तुम्हाला परवडणारे आणि चालणारे दोन कपडे समोर ठेवा आणि त्यातला तिला निवडू द्या. तिने निवडल्यावर ‘पण तो दुसरा खुलतो हं तुला’ म्हणायचं नाही. हे न म्हणणं आयांना फार जड जातं.

मोठ्या मुलींचं वेगळं. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये मांडलं होतं की या वयात मुलांना सतत प्रेक्षक समोर बसल्यासारखं वाटतं. पुढे 2000 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटावी असा टीशर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असेल. प्रत्यक्षात साधारण चौथाई लोकांनाच तो दिसला होता. मुली हा किस्सा ऐकून खुश होतात. पण जिच्या अंगावर खरोखर कुणीतरी बोललंय तिला ‘कोणी बघत नाही गं’ सांगणं म्हणजे तिला खोटं ठरवणं. मुक्ताला हा प्रयोग मी सांगितला नाही.

आणि बोलणारे बहुतेक घरचेच असतात. ‘सावळ्या रंगावर पिवळा नको’, ‘दंड केवढे दिसतायत, बाह्या लांब घे’. दादरच्या गर्दीत, रात्री आठला, दुकानदारासमोर म्हटलेली ही वाक्यं मुली दहावीपर्यंत बरोबर नेतात. मग 5 सप्टेंबरला, शिक्षकदिनी, दहावीच्या मुलींना साडी नेसून वर्गावर शिकवायला जायचं असतं आणि एखादी त्या दिवशी आजारी पडते. तिच्यासाठी आईचं ब्लाऊज नुसतं टाके मारून आत घेऊ नका, तिच्या मापाचं साधं एक शिवा. साडी सुती, पिना भरपूर, चप्पल सपाट.

‘मग आम्ही काही बोलायचंच नाही का?’ असं बाबा मंडळी हमखास विचारतात. बोला की. बजेट सांगा, तुम्हाला काय चालणार नाही तेही सांगा, पण खरेदीला निघण्याआधी, घरी बसून, कारणासकट. आणि तिची पाळी सुरू झालेली असेल तर गॅदरिंगची तारीख कळल्या दिवशी आईने कॅलेंडर बघून तिच्याशी बोलून ठेवावं, म्हणजे खालचं गडद रंगाचं घेता येतं आणि पॅड पिशवीत आधीच पडतं.

शाळेकडून कपड्यांची चिठ्ठी आली की रंग आणि रक्कम या दोन ओळी वाचून आपण ती मिटून ठेवतो. पैसे भरण्याआधी बाईंना एवढं विचाराच: मुली कपडे कुठे बदलणार, त्या खोलीत कोण कोण असणार आणि दोन आयटमच्या मधे किती वेळ आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर परकराला इलॅस्टिक घालायला घ्या.