आधी शाळेत खरं सांगून या

‘ताई, आम्ही यावल तालुक्यातले. मुलगा सातवीत आहे. रक्ताच्या कॅन्सरवर मुंबईला परळच्या टाटात उपचार झाले. आता घरी गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी शाळेची परवानगी दिली आहे. पण पीटीचे सर मैदानाला चक्कर मारायला लावतात. तो पडतो, पोरं हसतात. सर म्हणतात, कावीळ होऊन वर्ष झालं, आता कसली सूट? शाळेत आम्ही कावीळच सांगितली आहे, मोठीचं लग्न जमवायचंय म्हणून. आता तो शाळेत जायलाच तयार नाही. त्याला कसं समजावू?’

माय, सरांना मी दोष देणार नाही. कावीळ झालेलं पोर वर्षभराने धावतंच. या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध देतात, त्याने पायाच्या नसा दुबळ्या होतात. चवडा नीट उचलला जात नाही, ठेच लागून पोर पडतं. हे सरांना तुम्हीच कळू दिलं नाही.

पडण्याहूनही मला धास्ती आहे ती कांजिण्यांची. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी राहते. शेजारच्या बाकावरच्या मुलाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर तुम्हाला त्याच दिवशी कळायला हवं. डॉक्टरांना लगेच गाठलं तर बचावाचं औषध देता येतं, दिवस गेले की त्याचा उपयोग कमी होतो. पण कावीळवाल्या मुलाच्या घरी असला फोन कोण करेल? वर्गात 100.4 ताप भरला, तर गोळी देऊन बाकावर निजवतील. त्याला तर तडक दवाखान्यात न्यायला हवं!

आणि रोज कुणीतरी विचारणार, तुला काय झालं होतं रे? एवढ्या मोठ्या आजाराला तोंड दिलेल्या पोराला तुम्ही रोज खोटं बोलायला लावता. मग शाळा नको म्हणेल नाही तर काय!

मोठीचं म्हणाल, तर लहान मुलांचा हा कॅन्सर सहसा आनुवंशिक नसतो. पाहुण्यांना हे स्पष्ट सांगा. लपवून जमवलेल्या सोयरिकीत पुढे तिलाच ऐकून घ्यावं लागेल.

सोमवारी दोघं नवराबायको फाइल घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. वर्गशिक्षक आणि पीटीच्या सरांनाही बोलावून घ्या. ब्लड कॅन्सर हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारा. हा आजार शेजारी बसल्याने लागत नाही, हेही सांगा. ताप आणि कांजिण्यांचं कागदावर लिहून द्या, खाली तुमचा नंबर टाका. मात्र वर्गातल्या पोरांना काय सांगायचं आणि कुणी, ते रविवारीच मुलाला विचारून ठेवा. तो म्हणेल तेवढंच सांगायचं.