दगडू आणि नकुशा: एकाच घरातली दोन नावं

तुमच्या आजोबांचं नाव दगडू आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचं नकुशा. आईबापांना ही पोरं आवडत नव्हती का, असा तुमचा प्रश्न आहे. आजोबांपुरतं सांगायचं तर बहुधा उलटच. त्यांच्यावर फार जीव असणार. बहिणीबद्दल मात्र मला तसं म्हणवत नाही.

दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिरडा, भिकू ही नावं बहुतेकदा पाठोपाठ मुलं दगावलेल्या घरात ठेवली जात. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे जन्मलेल्या पाचांतलं एखादं पोर वर्षाच्या आत जायचं. घटसर्प, धनुर्वात, देवी, हगवण... गावात डॉक्टर कुठला? मग हातात उरायचं ते दृष्ट चुकवणं. गोंडस नावाच्या पोरावर कुणाचीही नजर जाईल, दगडाला कोण कशाला न्यायला येतंय! नुसत्या नावावर भागत नसे. पोर उकिरड्यावर किंवा केरात ठेवून 'सापडलं' म्हणून उचलून आणायचं, पाच घरी भीक मागून त्याचं अंगडं शिवायचं, शेजारणीला कवडीला विकून परत घ्यायचं. विदर्भात कवडू नावाचे म्हातारे अजून भेटतात. माझे पणजोबा केरबा. आम्ही पोरं त्या नावाला हसलो की आजी चिडायची, "चार गेल्यावर राहिलाय तो!"

हे फक्त गरिबाघरचं होतं असंही नाही. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो, १८५७ च्या नानासाहेब पेशव्यांचं धोंडोपंत. अर्थात प्रत्येक धोंडोमागे हीच कथा असेल असं समजू नका. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, त्यात जन्मला म्हणूनही धोंडू व्हायचा.

आता नथू घ्या. आधीचे मुलगे गेले की पुढच्याचं नाक टोचून नथ घालायची आणि त्याला मुलगी म्हणून वाढवायचं. नथुराम गोडसेचं मूळ नाव रामचंद्र, त्याचं नथुराम झालं ते यामुळेच. यातली मेख बघा. मुलाला लपवायला काय काय वापरलं? दगड, केर, भीक आणि मुलगी. जे कुणाला नको, त्याच्या आड मुलगा ठेवायचा. म्हणूनच तुमच्या आजोबांचं नाव हे सोंग होतं आणि त्यांच्या बहिणीच्या नावात सोंग नव्हतं. मुलींमागून मुली झाल्या की शेवटचीला नकुशा म्हणायचं, म्हणजे पुढचा मुलगा होईल. हरियाणात अशाच मुलीला भतेरी म्हणतात, 'पुष्कळ झाल्या' या अर्थाने.

आणि हे जुनं झालं म्हणावं तर तसंही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात प्रशासनाने जाहीर कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. कुणी वैशाली झाली, कुणी ऐश्वर्या. चांगलंच झालं. पण दगडू नाव आता कुणी ठेवत नाही ते लसीमुळे आणि दवाखान्यामुळे. नकुशा थांबायला ती लस उपयोगाची नव्हती, हे मला जास्त खुपतं.

तुमच्या घरात नेमकं काय झालं ते कदाचित कागदावर सापडेल. गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारा. कुणबी नोंदी शोधायच्या मोहिमेत २०२३ पासून बऱ्याच जिल्ह्यांनी ही पानं स्कॅन करून संकेतस्थळावरही टाकली आहेत. जुनी पानं मोडी लिपीत असतील तर वाचणारा गाठावा लागेल. पुष्कळदा बाळाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं, म्हणून पणजोबांच्या नावाने शोधा. आजोबांच्या आधीच्या वर्षांतले मृत्यू बघा. त्यांच्या बहिणीसाठी जन्माचे रकाने बघा आणि तिच्या आधी किती मुली झाल्या ते मोजा.