दर कळतो, टॉलरन्स कळत नाही

प्रश्न : भोसरीत माझं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. ग्राहक कंपनीच्या परचेसवाल्यांना दर किंवा डिलिव्हरीबद्दल विचारलं की तासाभरात उत्तर येतं. ड्रॉइंगमधली शंका विचारली की आठ-आठ दिवस काही नाही. ते आम्हाला टाळतात असं समजायचं का?

उत्तर : एवढ्यात तसं समजू नका. दर परचेसच्या हातात असतो, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) डिझाइनवाले ठरवतात. तुमची मेल ज्यांना जाते त्यांना बहुधा उत्तरच ठाऊक नसतं, आणि अंदाजाने लिहून दिलं तर माल रिजेक्ट झाल्यावर ते त्यांच्याच अंगाशी येतं. खूण अशी, की फोनवर 'हो, करा तसंच' म्हणतात आणि 'तेवढं मेलवर टाका' म्हटलं की विषय बदलतात. मग डिझाइनमध्ये कोणाला विचारायचं ते त्यांनाच विचारा आणि मेलच्या सीसीत त्यांना ठेवा. परस्पर डिझाइन गाठलंत तर ते दुखावतील.

कधी दोष प्रश्नाचाही असतो. एका मेलमध्ये चार शंका असल्या की सोप्या दोनचीच उत्तरं येतात. म्हणून एका मेलमध्ये एकच शंका. ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन आणि त्या जागेवर लाल गोल केलेला फोटो जोडा. 'शाफ्टचं टॉलरन्स कळवा' असं मोघम नको. असं लिहा : '२५ मिमी व्यासावर टॉलरन्स दिलेलं नाही. इथे बेअरिंग बसणार असल्यास के६ (२५.००२ ते २५.०१५) धरू की एच६ (२४.९८७ ते २५.०००)?' के६, एच६ हे शाफ्टच्या टॉलरन्सचे ठरलेले वर्ग, कंसात त्यांची मिमीतली मर्यादा. याचं उत्तर मोबाइलवरूनही एका शब्दात देता येतं.

त्याआधी टायटल ब्लॉक (ड्रॉइंगवरचा माहितीचा चौकोन) मात्र वाचा. तिथे 'आयएसओ २७६८-एम' (टॉलरन्स न दिलेल्या मापांसाठीचं सर्वसाधारण मानक) असेल तर २५ मिमीला अधिक-उणे ०.२ लागू होतं. बेअरिंगच्या जागी एवढी सूट चालणार नाही, त्यामुळे तरीही विचाराच.

'दोन दिवसांत कळवलं नाहीत तर आम्ही तसंच करू' असं लिहून फिनिश कट (शेवटचा, नेमक्या मापाचा कट) घेऊ नका. १८७२ च्या करार कायद्याखाली नुसतं मौन ही सहसा संमती धरली जात नाही, आणि उतरवलेलं मटेरियल परत चढत नाही. रफ टर्निंग (लेथवरची पहिली जाडसर कापणी) करून व्यासावर ०.३ मिमी ग्राइंडिंगला राखा, जॉब थांबवा आणि थांबवल्याचं त्याच दिवशी कळवा. पुढच्या कोटेशनपासून एक ओळ घाला : 'डिलिव्हरीचे दिवस ड्रॉइंगचा खुलासा मिळाल्यापासून मोजले जातील.' तारीख पुढे जातेय म्हटल्यावर परचेसवाले बहुधा स्वतःच डिझाइनच्या मागे लागतील.