क्रिबची पिल्लं मरतात ती बहुतेक वेळा उपाशी

तुम्ही लिहिलंय की तुमच्या क्रिबेन्सिसच्या, म्हणजे टँकमध्ये पाळायच्या छोट्या ‘क्रिब’ माशांच्या जोडीने दोनदा अंडी खाल्ली. तिसऱ्यांदा पिल्लं पोहायला लागली, पण पाच-सहा दिवसांत सगळी गेली. आता दुकानदार सांगतोय की पुढच्या वेळी अंडी काढून मेथिलीन ब्लूच्या (बुरशी रोखणारं निळं औषध) पाण्यात वेगळी ठेवा. तसं करू नका. क्रिब हे सिक्लिड नावाच्या मासेकुळातले अव्वल आईबाप आहेत आणि तुमच्या जोडीने तिसऱ्या खेपेला ते दाखवूनही दिलंय. चूक पुढे झाली, जेवणात.

आधी अंडी खाण्याचं बघू. नवी जोडी पहिल्या एक-दोन खेपा बहुधा वाया घालवतेच. त्यात तुम्ही लिहिलंय की दिवसातून तीन-चार वेळा मोबाइलचा टॉर्च लावून गुहा म्हणून ठेवलेल्या कुंडीत बघत होतात. मादीच्या जागी मीही अंडी गिळली असती. क्रिब अंडी देतात गुहेत, तीही छताला चिकटवून. मादी उलटी होऊन त्यांना पंखांनी वारा घालत बसते, नर बाहेर पहारा देतो. मादी दिसेनाशी झाली आणि फक्त खाण्यापुरती बाहेर येऊन परत आत पळायला लागली की समजा, अंडी आहेत. बघायची गरज नाही. टँकमध्ये कोरी किंवा प्लेकोसारखा तळाला चरणारा मासा असेल तर तो मात्र काढा. रात्री अंधारात तो अंडी साफ करतो आणि आईबापांना काही दिसत नाही.

गुहेसाठी विकतची शोभेची कवटी वगैरे नको. माझ्याकडे गेली कित्येक वर्षं संक्रांतीची सुगडं आहेत. हळदकुंकू धुऊन चार दिवस पाण्यात भिजवायची, काठाला मादी जेमतेम शिरेल एवढी खाच पाडायची आणि वाळूत पालथी ठेवायची. रंगवलेली सुगडं घेऊ नका. नारळाची अर्धी करवंटीही चालते, फक्त आधी दोन-तीनदा उकळून घ्या, नाहीतर पाणी चहासारखं होतं. दोन फुटी टँकला एकच जोडी, पण गुहा दोन-तीन ठेवा. आवडती ती निवडते.

२६-२७ अंशांना अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात. पुढचे चार-पाच दिवस पिल्लं गुहेतच शेपट्या वळवळत पडून असतात. पोटाला बलकाची पिशवी असते, तेव्हा त्यांना काही घालायचं नाही. सातव्या-आठव्या दिवशी आई सगळी वरात बाहेर काढते. हा प्रसंग मन लावून बघा. आईने पंख झटकला की सगळी पिल्लं एकदम तळाला बसतात, वाळूत दिसेनाशी होतात. एखादं भरकटलं तर बाप त्याला तोंडात घेतो आणि घोळक्यात आणून थुंकतो. संध्याकाळी तर एकेकाला असं उचलून गुहेत नेतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की खाल्लं! मीही घाबरून बाप जाळीने काढला होता आणि दोन दिवस आई एकटी सैरभैर झाली होती. पिल्लं पोहायला लागल्यावर ‘बापाने चार-पाच खाल्ली’ असं तुम्ही म्हणताय, ते हेच असण्याची शक्यता जास्त.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही फ्लेक चुरून आणि उकडलेल्या अंड्याचा बलक घातलात. इतकी बारकी पिल्लं न हलणारं खाणं फारसं घेत नाहीत, आणि बलक तळाला जाऊन दुसऱ्या दिवशी पाणी नासवतो. म्हणजे एकीकडे उपासमार, दुसरीकडे अमोनिया. क्रिबच्या पिल्लांचं तोंड सुदैवाने मोठं आहे, पहिल्या दिवसापासून नुकती फुटलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) खातात. एक लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, पाण्यात मोजून २५ ग्रॅम खडे मीठ, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, तळापर्यंत एअर पंपाची नळी, वर दिवा. २७-२८ अंशांना २४ ते ३० तासांत पाणी केशरी दिसतं. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, जिवंत आर्टेमिया खाली बसते. ती नळीने ओढून जुन्या हातरुमालातून गाळा, साध्या पाण्याने धुवा आणि ड्रॉपरने घोळक्यावर सोडा, दिवसातून तीन-चार वेळा. दोन मिनिटांत पिल्लांची पोटं केशरी दिसली पाहिजेत. नाही दिसली तर ती खात नाहीयेत, मग तुम्ही काहीही घाला.

बाटली पिल्लं पोहायला लागल्यावर लावली तर उशीर झाला. अंडी दिल्याचा संशय आला की तारीख लिहून ठेवा आणि सहाव्या दिवशी पहिली बाटली लावा. सोबत टँकमध्ये बदामाची सुकून गळलेली पानं टाका. सोसायटीच्या आवारात देशी बदामाचं झाड असतंच, फक्त तिथे फवारणी होत नाही ना ते विचारा. पानावर जो बुळबुळीत थर चढतो तो पिल्लं दिवसभर टोचून खातात. तुम्ही कामावर असताना तेवढाच आधार.

पाणी रोज दहा-पंधरा टक्के बदला, एअर पंपाच्या बारीक नळीने, तोंडाला स्पंजचा तुकडा लावून. हँगऑन (टँकच्या काठावर टांगायचा) फिल्टर बंद, स्पंज फिल्टर हवाच. काढलेलं पाणी लगेच ओतून देऊ नका, त्यात एखादं पिल्लू आलेलं असू शकतं. एकदा मी बादली तुळशीत रिकामी केली आणि मग मातीवर काहीतरी उडताना दिसलं.

तुमचं बोअरचं पाणी आहे म्हणून एक जास्तीचं सांगतो. क्रिबमध्ये पाण्याच्या पीएचवर नर-मादीचं प्रमाण हलतं: आम्लधर्मी पाण्यात नर जास्त, अल्कलीकडे मादी जास्त. बोअरवर वाढवलेल्या माझ्या एका खेपेत जवळपास सगळ्या माद्याच निघाल्या आणि दुकानदाराला जोड्या हव्या होत्या. नळाचं पाणी मिळत असेल तर क्लोरीन काढून अर्धंअर्धं करा.

चार ते सहा आठवड्यांनी जोडी पुन्हा रंगात येईल आणि मोठ्या पिल्लांना हाकलायला लागेल. तेव्हा पिल्लं हलवा, त्याआधी नाही. जास्त झालेली ओढ्यात किंवा धरणात सोडू नका. उजनीत जाळ्याला लागणारी चिलापीही सिक्लिडच आहे, आणि १९५२ मध्ये तीसुद्धा बाहेरूनच आणली होती.

तुमची जोडी पिल्लं गमावून बसलीय, म्हणजे दोन-चार आठवड्यांत पुन्हा अंडी देईल. तोवर आर्टेमियाची एक बाटली नुसती तालीम म्हणून लावून बघा. दुकानात डबा उघडा पडून दमट झालेला असेल तर अर्धी अंडी फुटतच नाहीत, आणि ते पिल्लं दारात असताना कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.