शेगडीची कॉइल आखूड केली तर?

प्रश्न (एक वाचक, औसा): सर, आमच्याकडं १००० वॅटची लाईटची शेगडी आहे. कॉइल मधेच तुटली. मुलानं जळका भाग, अंदाजे पाचवा हिस्सा, काढून टाकला आणि उरलेली टोकं पीळ मारून जोडली. तार कमी झाली म्हणजे लाईट कमी खाईल असं मला वाटलं, तर उलट दूध आधीपेक्षा लवकर उतू जातंय. हे कसं? बिल कमी येईल का? आणि अशीच वापरली तर चालेल का?

उत्तर: ताई, चालणार नाही. आधी नवी कॉइल आणा, मग पुढचं वाचा.

शेगडीवरचे १००० वॅट हे २३० व्होल्टला असतात. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, आणि अँपिअर म्हणजे व्होल्ट भागिले ओहम. दोन्ही एकत्र केलं की व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, तेवढे वॅट. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला १००० नं भागा, अख्ख्या कॉइलचा रोध आला ५२.९ ओहम. पाचवा हिस्सा गेला, उरले ४२.३. भिंतीतलं व्होल्टेज आहे तेच. म्हणून ५२,९०० ला आता ४२.३ नं भागा: १२५० वॅट. करंट ४.३५ वरून ५.४३ अँपिअरवर गेला. तार आखूड, अडवणूक कमी, म्हणून वीज जास्त.

ही वाढीव उष्णता सोसायला तार मात्र कमी राहिली. समजा कॉइल आधी पाच वीत होती, तर वितीमागं २०० वॅट होते. आता चार वितींवर १२५०, म्हणजे वितीमागं ३१२. दीडपटीहून जास्त! नवी असताना लालसर दिसणारी कॉइल आता पिवळसर नारिंगी दिसत असेल, बघा.

खरी भीती पिळाची आहे. पीळ सैल पडला, त्यावर काजळी धरली, आणि त्या एका जागी समजा एक ओहम रोध आला. इथं हिशेब बदलतो. एकूण ४३ ओहममध्ये एक ओहम वाढल्यानं करंट फारसा घटत नाही, ५.३ अँपिअर वाहतोच. म्हणून सांध्यासाठी करंटचा वर्ग गुणिले रोध करायचं: साधारण २८ वॅट, तेही ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न कथील वितळवते, हे डोळ्यांपुढं आणा. आयटीआयमध्ये वायरमनची पोरं शिकवताना हा घोळ मी दरवर्षी पाहिला. एका सूत्रात रोध घटला की वॅट वाढतात, दुसऱ्यात रोध वाढला की वाढतात, मग खरं कोणतं? दोन्ही खरी. फक्त विचारायचं, कायम काय आहे? अख्ख्या शेगडीला व्होल्टेज कायम मिळतं, सांध्याला करंट.

उदगीरला आमच्या घरी वडिलांनी असाच पीळ दिला होता. थाळीच्या खाचेत तेवढीच जागा काळी पडली, आठवडाभरात तार तिथंच तुटली आणि सुटलेलं टोक वर उचलून पातेल्याला टेकलं. आईचा हात झटक्यानं मागं आला. म्हणून एवढ्या कळकळीनं सांगतोय.

बिलाचं म्हणाल तर दोन लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला न्यायला साधारण ०.१६ युनिट लागतंच. १००० वॅटला त्याला दहा मिनिटं, १२५० ला आठ. मधल्या वेळात हवेत जाणारी उष्णता थोडी वाचते, तेवढाच फायदा. पातेलं तसंच विसरलं तर तासाला एकऐवजी सव्वा युनिट.

आणखी एक. हरभऱ्याला पाणी सुरू झालं, शिवारातल्या मोटारी चालल्या की व्होल्टेज १८० वर येतं. तेव्हा तुमची शेगडी ७६६ वॅटच देते, म्हणून सगळं ठीक वाटतं. मोटारी बंद होऊन व्होल्टेज २४० झालं की तीच १३६० वर जाते. कॉइल जळते ती अशा वेळी.

प्रश्न (दहावीतला विद्यार्थी, परतूर): १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध सूत्रानं ५२९ ओहम येतो. मल्टिमीटर ४० च्या आसपास दाखवतो. मीटर बिघडलाय का?

उत्तर: नाही रे. मीटरनं थंड तार मोजली, सूत्रानं पेटलेली. बल्बमधली टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर तापते आणि तिचा रोध दहा-पंधरापट वाढतो. बटण दाबताच बल्ब जातो तोही यामुळंच, पहिल्या क्षणी करंट कितीतरी पट असतो. शेगडीची तार नायक्रोमची, तिचा रोध तापल्यावरही फार बदलत नाही, म्हणून वर ताईंचा हिशेब जमला. पेटलेल्या बल्बचा रोध हवा असेल तर सरांसमोर व्होल्टेज आणि करंट मोजून भागाकार कर. चालू बल्बला ओहमच्या रेंजवर मीटर लावू नकोस.