वडिलांच्या बंद सिममधले नंबर लॅपटॉपवर काढता येतात का? त्या सिमची कॉपी होते का?

खानापूरहून तुम्ही लिहिलंय की वडील गेले, त्यांचं सिम दोन वर्षं बंद पडून आहे, आतले नंबर आणि मेसेज हवेत. फुकटातलं कोणतं सॉफ्टवेअर चालेल आणि तेच सिम दुसऱ्या कार्डावर उतरवता येईल का? नंबर निघतील. कॉपी होणार नाही.

निपाणीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, त्या अनुभवावर सांगतो. सिम बंद होतं म्हणजे कंपनी आपल्याकडचा नंबर बंद करते, कार्डातली चिप जशीच्या तशी असते. त्यामुळे आधी कुणाकडून तरी जुना बटणांचा फोन मागून आणा आणि सिम त्यात घाला. रेंज नसली तरी सिमवरची नावं दिसतील. एवढ्यानं काम झालं तर लॅपटॉपच्या नादाला लागू नका.

नाही झालं, किंवा सगळ्याचाच बॅकअप हवा असेल, तर 'पायसिम' वापरा. ऑस्मोकॉम या मुक्त प्रकल्पातलं हे पायथनमधलं साधन आहे. लिनक्स असलेला लॅपटॉप आणि पीसी-एससी जातीचा यूएसबी कार्ड रीडर लागतो. रीडरची फट एटीएम कार्डाएवढी असते, म्हणून सिम बसवायला प्लास्टिकचा अडॅप्टरही घ्या. चिकटपट्टीनं चिकटवायचा उद्योग मी केलाय, कार्ड आतच अडकलं. 'पायसिम-रीड' चालवलं की सिमकार्डाचा अनुक्रमांक, आयएमएसआय वगैरे मोजकी माहिती दिसते. तुम्हाला खरं उपयोगी पडेल ते 'पायसिम-शेल'. त्यात एक्स्पोर्ट म्हटलं की वाचायची परवानगी असलेल्या सगळ्या फाइली एकदम बाहेर येतात.

आयएमएसआय म्हणजे १५ आकडी ओळख. सुरुवातीचे ४०४ किंवा ४०५ भारताचे, पुढचे आकडे कंपनीचे आणि सर्कलचे, म्हणजे तिच्या सेवेच्या विभागाचे. बीएसएनएलच्या कर्नाटकाच्या कार्डावर ४०४ ७१ दिसतं, महाराष्ट्राच्या कार्डावर ४०४ ६६. आमच्याकडे सीमाभागात एकाच घरात दोन्ही सापडतात. कागलच्या बाजूला नातेवाईक असले की कुणीतरी तिकडचं सिम आणलेलंच असतं.

आता नावांची गंमत. नंबर आकड्यांच्या जोड्या उलटवून साठवलेले असतात, ९८ असेल तर ८९ दिसतं. सॉफ्टवेअरनं उलगडून दिलं नाही तर घाबरू नका, जोड्या पालटून वाचा. मराठीत नाव लिहिलं असेल तर साध्या पद्धतीत प्रत्येक खुणेला दोन बाइट जातात, काना-मात्राही वेगळ्या धरून. सुरुवातीचा एक बाइट पद्धत ओळखायलाच जातो. नावासाठी १४ बाइट असलेल्या कार्डावर त्यामुळे जेमतेम सहा खुणा मावतात, म्हणून 'बाळासाहेब'चं 'बाळासा' झालेलं दिसेल. काही फोन जागा वाचवायला दुसरी पद्धत वापरतात. त्यात नाव ८१ नं सुरू होतं, मग लांबी आणि मग लिपीची खूण, देवनागरीला १२ आणि कन्नडला १९. एकाच कार्डावर दोन्ही लिपी दिसल्या की सिम आपल्या भागातलं म्हणून खुशाल समजा.

पुसलेले मेसेजही कधीकधी मिळतात. प्रत्येक मेसेजला १७६ बाइटांची जागा असते आणि त्यातला पहिला बाइट ती भरलेली की मोकळी हे सांगतो. काही जुने फोन पुसताना फक्त तो बाइट बदलायचे, मजकूर तसाच राहायचा. सगळे फोन असे नव्हते, त्यामुळे फार आशा धरू नका.

सिमला पिन असेल तर अंदाज मारत बसू नका. तीन चुकले की पीयूके, म्हणजे अडकलेली पिन उघडायचा कोड मागतो, तो दहा वेळा चुकला की कार्ड कायमचं गेलं.

कॉपीबद्दल. कार्डात १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते, ती वाचायची सोयच नाही. नेटवर्क एक यादृच्छिक संख्या पाठवतं, कार्ड किल्ली वापरून आतल्या आत उत्तर काढतं आणि फक्त उत्तर बाहेर देतं. १९९८ साली जुन्या कॉम्प-१२८ पद्धतीतली फट सापडली होती. त्या काळच्या कार्डांच्या कॉप्या व्हायच्या, आता ते दिवस गेले. शिवाय २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा ओळखींशी छेडछाड करणं हा गुन्हा आहे. आणि कॉपी झाली असती तरी उपयोग काय? बंद नंबर निदान ९० दिवस राखून मग दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. एव्हाना वडिलांचा नंबर कुणा भलत्याच्याच खिशात असेल.

कार्डावर लिहायचं शिकायचं असेल तर बर्लिनची सिस्मोकॉम विकते तशी कोरी कार्डं घ्या. त्यांच्यासोबत एडीएम नावाची किल्ली येते, ती असेल तरच 'पायसिम-प्रोग' लिहू देतं. कंपनीच्या सिमची ही किल्ली आपल्याला कधीच मिळत नाही. मी एकदा दोन कार्डांच्या किल्ल्यांची चिठ्ठी अदलाबदल केली, काही तरी बिघडलंय म्हणून तीच पुन्हा पुन्हा टाकली आणि एक कार्ड कायमचं बाद केलं. 

तुमचं काम तूर्त फक्त वाचायचं आहे. एक्स्पोर्ट झाल्यावर नावं विचित्र दिसली तर नंबर खोडून तेवढ्या ओळी इथे टाका, उलगडून देतो.